पन्नास ग्रॅमचं पाकीट

बायको नातवाला सांभाळायला पुण्याला मुलाकडे गेली, तेव्हा आमच्या ऑनलाइन दुकानात बावीस वस्तू होत्या. शेंगदाणा, लसूण, तीळ, जवस आणि कारळ अशा पाच चटण्या, प्रत्येकीची चार वजनं, शिवाय ज्वारीची आणि बाजरीची कडक भाकरी. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या दोघी बहिणी चटण्या कुटून देत. भरणं, सील करणं, लेबल लावणं आम्ही घरीच करत होतो. ती भरायची, मी तारखा आणि शिल्लक बघायचो. दोघांना बावीस वस्तू कधी जड गेल्या नाहीत.

ती सहा महिन्यांसाठी गेली होती. आता दुसरं वर्ष सरत आलंय.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या हातून जवसाच्या पाकिटावर तिळाचं लेबल लागलं. गिऱ्हाइकानं फोटो पाठवला. मी माफी मागून दुसरं पाकीट पाठवलं, पण ती चूक मला बरेच दिवस टोचत राहिली. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, बाबा, पसारा कमी करा, सहावर या.

मी वर्षभराची विक्री काढून बसलो. आकडे स्पष्ट होते. सहा वस्तूंवर दुकान चाललं होतं, बाकीच्या नुसत्या फळीवर जुन्या होत होत्या. सगळ्यात तळाला शेंगदाणा चटणीचं पन्नास ग्रॅमचं पाकीट होतं. लोकांनी आधी चव बघावी म्हणून बायकोनं ते सुरू केलं होतं. आतल्या मालापेक्षा खोका आणि कुरियरच महाग पडे. एका दुपारी मी सोळा वस्तू बंद केल्या. वेबसाइट प्रत्येक वेळी विचारत होती, नक्की बंद करायची? मी सोळा वेळा 'होय' दाबलं.

काम हलकं झालं. एक मात्र मी हिशेबात धरलं नव्हतं. कारळाची लेबलं कुठे ठेवलीस, लसणीच्या चटणीला मीठ किती सांगायचं, असं विचारायला मी बायकोला दिवसातून दोनतीनदा फोन करायचो. आता विचारण्यासारखं काही उरलं नाही. ती विचारायची, जेवलात का? मी म्हणायचो, जेवलो. मागे नातू रडायला लागायचा आणि ती फोन ठेवायची.

आठेक दिवसांनी जबलपूरहून एका बाईंचा फोन आला. त्यांना मी ऑर्डरवरून ओळखत होतो. दर बारा-तेरा दिवसांनी पन्नास ग्रॅमचं एक पाकीट, दुसरं काही नाही. आपण मूळच्या सोलापूरकडच्या वेळापूरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, असं त्या म्हणाल्या. छोटं पाकीट का दिसत नाही, असं त्यांनी विचारलं. ते बंद केलंय, पाव किलो घ्या, स्वस्त पडेल, असं मी सांगितलं.

"अहो, पाव किलो मला एकटीला जाईना की. निम्मी होईपर्यंत खवट लागायला लागते."

फ्रिजमध्ये ठेवा, मी म्हणालो.

"म्हणजे तुमच्या दुकानात एकट्या माणसानं यायचंच नाही म्हणा की." त्या हसल्या. मग सहज विचारलं, "तुमच्या घरात किती माणसं?"

"चार," मी म्हणालो.

मी कधी कुणाच्या पाकिटात पाच ग्रॅमही कमी भरलेले नाहीत. तो आकडा तोंडातून कसा गेला, मला कळलं नाही. "मग तुम्हाला न्हाय कळायचं," त्या म्हणाल्या. रागानं नाही. ठेवते म्हणाल्या आणि ठेवला.

मी स्वयंपाकघरात जाऊन चटणीचा डबा उघडला. पाव किलोचं पाकीट त्यात कधी ओतलं होतं, आठवेना. चिमूटभर जिभेवर ठेवली. खवट होती. याआधीचीही अशीच गेली होती, त्याच्या आधीचीही. दर वेळी तळातली निम्मी मी कचऱ्यात टाकत आलो होतो आणि ते कुठे लिहिलं नव्हतं.

पन्नास ग्रॅम मी त्याच दिवशी पुन्हा सुरू केलं. बाईंना फोन करून तसं सांगितलं. घरातल्या माणसांचा आकडा मी चुकीचा सांगितला होता, एकच आहे, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग भाकरी कोण करतं?"

"कडकच खातो. दुकानातली."

"दात बरे आहेत म्हणायचे," त्या म्हणाल्या आणि एक पाकीट मागवलं.

रविवारी मुलानं यादी पाहिली. सहा ठरलं होतं, हे सातवं कुणासाठी, असं त्यानं फोनवर विचारलं.

"एकट्या माणसांसाठी," मी म्हणालो.

आता तो माझ्याबद्दल काहीतरी विचारेल असं वाटून मी फोन कानाला घट्ट धरला.

"वजन किती धरलंय?" त्यानं विचारलं. "पाकिटासकट?"

"अठ्ठावन्न ग्रॅम," मी सांगितलं.