दुभाष्याची बायको

ऑफिसात त्याला सगळे दुभाष्या म्हणत. एका प्रोग्रामिंग भाषेत कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलेल्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार प्रोग्रामांचे गठ्ठे, दुसऱ्या भाषेतून हाका मारून कामाला लावायच्या, हा त्याचा आयुष्यभराचा उद्योग. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या भाषा माझ्यामुळे नांदतात, असं तो ऐटीत सांगे. "आणि घरात मेलं मौनव्रत!" असं बायको म्हणे.

मग तिचीच वाचा गेली. आजाराने पाय, हात, मान, जीभ सगळं एकेक करून गिळलं. उरलं उजव्या हाताचं एक बोट. आवाज होता तोवर त्याने तिचे शब्द रेकॉर्ड करून ठेवले होते. ते बोलून दाखवणारी लायब्ररी जुन्या सी भाषेतली, बोट टेकवायचा पडदा पायथन नावाच्या नव्या भाषेतला. दोघींना जोडून द्यायला हा होताच.

डॉक्टरांनी विचारलं, श्वासासाठी गळ्यात नळी बसवायची का? पापण्यांच्या इशाऱ्यावर त्यांचा भरवसा नव्हता, उत्तर तिच्या शब्दांत हवं होतं. तिने कितीतरी वेळ बोट फिरवलं. यंत्र तिच्या आवाजात म्हणालं, "अहो, मला नळी..." आणि पडदा काळा झाला. दमून तिचा डोळा लागला.

"भावोजी, ताई हो म्हणाली!" मेहुणी रडता रडता हसली. डॉक्टर तयारीला गेले.

तो मात्र काळ्या पडद्याकडे वळला. मराठीत हो की नाही ते वाक्याच्या शेवटी कळतं, आणि नेमका शेवटच गळाला होता. कॉटशेजारच्या स्टुलावर लॅपटॉप ठेवून तो बसला. दोष लगेच सापडला. पायथनला स्वच्छतेचं भारी वेड. आपल्या बाजूला कुणी धरून न ठेवलेली गोष्ट ती टाकून देते. पलीकडे सी अजून तेच वाक्य वाचतेय, याची तिला काय फिकीर? शेवटचा घास राहिलेला असताना ताट घासायला गेलं, तशातली गत. वाक्य धरून ठेवणारी एक ओळ लिहिली की काम झालं.

ती ओळ लिहायला हात धजेना. राहू दे असंच! नळी बसेल, ही जगेल, कुणाला कळतंय? ओंजळीत तोंड खुपसून तो ढसाढसा रडला. मग स्वतःलाच एक शिवी हासडली आणि ओळ लिहिली.

ती जागी झाली. बोट हललं.

"अहो, मला नळी नको."

"परत एकदा विचार कर ना गं. माझ्यासाठी तरी."

बोट पुन्हा हललं, या वेळी पटकन. "अहो, नको."

दार ढकलून डॉक्टर आत आले. "मग, घ्यायचं ना करायला?"

"यंत्र बिघडलं होतं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "आता नीट झालंय. तिलाच विचारा."