कानावरचा दुपट्टा

दादाचा फोन आला आणि मागे काहीच आवाज नव्हता. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. कार्यक्रमाच्या मैदानावरून तो फोन करायचा तेव्हा मागे ड्रम बडवणं, कुणीतरी 'हॅलो, चेक' म्हणणं, जनरेटरची घरघर असं काही ना काही असायचंच, आणि त्या सगळ्यावरून ओरडून तो सांगायचा, "भाकर टाकू नोको वं, उशीर होईन." त्या दिवशी स्क्रीनवर 'दादा' असं नाव आलं आणि बोलला कुणी परकाच मुलगा. "ताई, तुमचा नंबर सगळ्यात वर होता म्हणून लावला... तुमी लवकर या." मी कैऱ्यांच्या फोडी करत होते. विळी तशीच उघडी टाकून निघाले. अकोल्याच्या त्या टोकाला, बायपासजवळच्या लॉनवर रिक्षा पोचेपर्यंत त्याला दवाखान्यात हलवलं होतं, आणि मी दवाखान्यात पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. ऊन लागलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. एप्रिल संपत आला होता. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही.

या पुरवणीचे वाचक माझ्या मोठ्या भावाला, विलासला, ओळखतात ते 'आधीचे लोक' या सदरामुळे. अमरावती-अकोल्यात कुठे रॉकचा कार्यक्रम झाला की त्याचा मजकूर यायचा, आणि त्यात मोठ्या बँडबद्दल जेमतेम एक ओळ असायची. बाकी सगळं त्या बँडच्या आधी जे वाजवून गेले त्यांच्याबद्दल. मला स्वतःला यातलं काही कळत नाही. मी शाळेत गणित शिकवते, आणि रॉक म्हणजे स्वयंपाकघरातली मांडणी कोसळल्यावर जे ऐकू येतं ते, असं माझं आजही मत आहे. हे मी दादाला तोंडावर सांगत आले. "तुह्या गणितात तरी कोनता सूर लागते?" असं म्हणून तो हसायचा आणि माझ्याच पानातली चटणी उचलायचा.

या नादाला तो लागला फुलांमुळे. आमचं घर वलगावचं, झेंडू, शेवंती आणि निशिगंध लावणारं. दादा पहाटे अमरावतीच्या बाजारात माल टाकायचा आणि मग लग्न, सत्कार, कॉलेजची गॅदरिंग यांचे हार-गुच्छ पोचवत फिरायचा. हार लवकर द्यावे लागतात आणि पाहुणे उशिरा येतात. तोवर फुलं सुकू नयेत म्हणून पाणी शिंपडत स्टेजच्या बाजूला बसून राहणं हा त्याच्या धंद्याचाच भाग होता. अशाच एका गॅदरिंगला नागपूरचा कुठलासा बँड येणार होता आणि त्याच्याआधीचा, भर उन्हातला वेळ कॉलेजातल्याच पोरांना दिलेला होता. पोरं गायला लागली आणि मैदानातल्या लोकांना वाटलं, माईक टेस्टिंग चाललंय. कुणी खुर्च्या मांडत होतं, मंडपवाला बांबू ठोकत होता, आणि आयोजकांपैकी एकजण तर ओरडला, "अबे हॅलो हॅलो म्हना ना नुसतं, पूरं गानं कायले म्हनता!" पोरांनी तरी नेटाने सगळी गाणी म्हटली. शेवटी टाळ्या वाजवल्या त्या एकट्या दादाने, मांडीवरचे गुच्छ खाली ठेवून. घरी येऊन त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की काल झालं ते टेस्टिंग नव्हतं, तो कार्यक्रम होता आणि मी तो ऐकला आहे. पुढे त्या पत्राचंच सदर झालं.

तोंडाने गोड असला तरी लिहायचा मात्र फटकळ. गेल्या हिवाळ्यात अमरावतीला वाजवलेल्या एका बँडबद्दल त्याने लिहिलं होतं, "ड्रमवाला वरातीत वाजवून शिकला आहे आणि ते लपवायला बघतो. लपवू नये, या बँडकडे तेवढंच अस्सल आहे." संक्रांतीनंतर अकोल्यात एक मुलगी एकटीच गिटार घेऊन आली होती. समोर सगळ्या रिकाम्या खुर्च्या, म्हणून तिने डोळे मिटून गायला सुरुवात केली. पण शेवटच्या गाण्याला डोळे उघडले आणि त्या खुर्च्यांनाच ठणकावून ऐकवलं, असं त्याने मोठ्या कौतुकाने लिहिलं. मग मुंबईचा बँड आला, धूर सोडला, दिवे फिरवले. त्याबद्दल एवढंच, "नंतर पाहुणे आले. त्यांचे हार वेळेवर पोचले होते." संपादक चिडायचे, पण छापायचे. एकदा त्याने एका पोराला बेसूर म्हटलं म्हणून त्याची आई भर फुलबाजारात येऊन भांडून गेली. दादाने तिला बसवलं, पाणी दिलं, जाताना हातात गजरा ठेवला, शब्द मात्र मागे घेतला नाही. मी म्हटलं, लिहिलं असतं चार शब्द बरे तर काय बिघडत होतं? तर म्हणाला, "खोटं लिवलं तर त्या पोट्ट्याले कसं कळन, कोनी आयकलं का नाही आयकलं?"

आता दुपट्ट्याचं सांगते, कारण ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळतात, पण दादा हिवाळ्यातही कार्यक्रमाला तो कानावरून घट्ट बांधून जायचा. लोकांना वाटायचं, हा ऐकायला येतो आणि कान झाकतो, डोकं ठिकाणावर नाही. मीही एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, पहिल्या गाण्याला साउंडवाल्याचं ऐकू येते, पोट्ट्याईचं नाही. आवाज नीट बसेपर्यंत कान झाकायचे. मग आतून वाटलं, की हे ऐकायला पाहिजे, तरच दुपट्टा सोडून गळ्यात टाकायचा. नाही वाटलं तर शेवटपर्यंत तसंच उभं राहायचं आणि तसंच लिहायचं. हे त्याने सदरात कधी सांगितलं नाही; सांगितलं तर पोरं दुपट्ट्याकडेच बघत बसतील, म्हणायचा. अकोल्यातला कार्यक्रम असला की त्याचा मुक्काम माझ्याकडेच. दार उघडलं की मला आधी त्याचं कपाळ दिसायचं. कपाळ नि कान उन्हाने लालबुंद असले म्हणजे बँड चांगला होता. पांढरे असले म्हणजे मी मुकाट्याने ताट वाढायचे.

मागच्या उन्हाळ्यात तो निशिगंधाच्या वाफ्यात चक्कर येऊन पडला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्तदाब आहे, दुपारचं बाहेर पडायचं नाही, पडलात तर डोकं उघडं ठेवायचं नाही. आणि हा त्या दिवशी जेवून उठला आणि चपला घालायला लागला. मोठा बँड दिवेलागणीनंतर, पण त्याच्याआधी नांदगाव खंडेश्वरची चार पोरं वाजवणार होती. माझं डोकंच फिरलं. "मराले जाऊन राह्यला का? काहून जातं रे इतक्या उन्हात?" तर म्हणे, "सात वाजता त सारेच येतात वं. त्याईले चार वाजता कोन हाय?" ऊन बाधू नये म्हणून मी त्याच्या खिशात कांदा घातला, आईने आयुष्यभर घातला तसा. दुपट्टा नळाखाली भिजवला आणि मीच त्याच्या डोक्याला, कानावरून घेऊन हनुवटीखाली बांधला. साधी गाठ तो सोडेल हे मला माहीत होतं, म्हणून निरगाठ मारली आणि वर आणखी एक. "सोडला त पाह्य मंग," असा दमही दिला. तो हनुवटी वर करून लहान पोरासारखा उभा होता. म्हणाला, "मह्या हातात काय हाय? त्या पोट्ट्याईच्या हातात हाय." तो फाटकाबाहेर पडला आणि मी मनात म्हटलं, बेकार निघोत मेले. देवापुढे हात जोडून म्हटलं नाही, पण म्हटलं अगदी मनापासून. ही माझी आणि त्याची शेवटची भेट.

दवाखान्यातून त्याच्या वस्तू एका पिशवीत मिळाल्या. फोन, गाडीची किल्ली, तो कांदा आणि दुपट्टा. दुपट्टा तोवर खडखडीत वाळला होता. पिशवी उघडताना एक गोष्ट खटकली. दुपट्टा कापलेला किंवा फाटलेला नव्हता. गाठ सुटलेली होती. दवाखान्यातल्या घाईत सिस्टर काही निरगाठ सोडवत बसत नाही, कात्री लावते. म्हणजे ती आधीच सुटली होती. राग आला मला, खोटं कशाला सांगू. वलगावला त्याला शेवटचं नेलं, अंगणात त्याच्याच मळ्यातल्या निशिगंधाचा ढीग पडला होता, आणि सगळ्या बाया रडत असताना मी दात खाऊन उभी होते. एवढं बजावून सोडलाच ना शेवटी!

तेरवी झाल्यावर ती चार पोरं अकोल्याच्या घरी आली. दारात चपला काढून भिंतीला लागून बसली, पाणीही घेईनात. ज्याने मला फोन केला होता तोच त्यांच्यातला गाणारा. तोच बोलला. "ताई, दादा एकटेच होते समोर. तिसरं गानं सुरू झाल्यापासून ते हनुवटीखाली हात घालून काहीतरी करून राह्यले होते. आमाले वाटलं घाम पुसून राह्यले. गानं निम्मं झालं तवा त्याईनं दुपट्टा काढला, गळ्यात टाकला... मंग ते खाली बसले. आमाले वाटलं, गानं आवडलं म्हनून मांडी घालून बसले. आमी वाजवतच राह्यलो, ताई. दादा आडवे झाले तरी आमी वाजवतच होतो." मी विचारलं, तिसरं गाणं कोणाचं? पहिली दोन दुसऱ्यांची होती, म्हणाला, तिसरं आमचं, आमी केलेलं. मग त्याने जे विचारायला आला होता ते विचारलं, "दादा काही बोलले होते का, आमच्याबद्दल?" मी म्हटलं, नाही. खोटं नव्हतं ते. पण दुपट्ट्यावरून मला आत्ता सगळं कळलं होतं. या पोरांनी चांगलं गायलं म्हणून माझ्या भावाने भर उन्हात डोकं उघडं केलं, हे त्यांना कसं सांगायचं? मी चहा टाकला. तो पिऊन ती गेली. जाताना ड्रमवाला म्हणाला, सामान बांधून माळ्यावर टाकलंय, आता नाही वाजवत आम्ही.

तेव्हापासून मला धड झोप नाही. सांगितलं तर ती पोरं हे ओझं जन्मभर वाहतील. न सांगितलं तर ज्या चौघांसाठी तो तिथे गेला त्यांना कधीच कळणार नाही, की त्यांचं कुणी ऐकलं होतं. संपादकांनी दादावर लिहा म्हटलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. मग त्या भांडायला आलेल्या बाईची आठवण झाली. समोरच्याला लागेल म्हणून दादाने कधी काही लिहायचं ठेवलं नाही, आणि त्याने गाठ सोडून दिलेला शेवटचा अभिप्राय मी माझ्या भीतीपोटी दाबून ठेवते आहे, याची मला लाज वाटली. तेव्हा पोरांनो, वाचा. पहिली दोन गाणी त्याला आवडली नाहीत. तिसरं आवडलं. त्याला उन्हाने मारलं आणि त्याच्या हट्टाने मारलं. तुम्ही फक्त चांगलं गायलात, आणि त्याबद्दल मी तुम्हाला अजून पुरती माफी देऊ शकलेले नाही, हेही खरंच आहे. पण ड्रम माळ्यावरून खाली काढा.

दुपट्टा स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला टांगला आहे, तो नेहमी टांगायचा तिथेच. मी तो धुतलेला नाही. त्याची दोन टोकं अजून पिळलेली, चुरगळलेली आहेत, आणि एका टोकाचे दोरे नखाने ओढून निघालेले दिसतात. परवा मी तो भिजवून स्वतःच्या डोक्याला बांधून पाहिला, तशीच निरगाठ, तशीच वर आणखी एक, आणि डोळ्यांना न दिसता हनुवटीखाली नुसत्या बोटांनी सोडवायला बसले. बोटं दुखून आली, मध्येच सोडून द्यावंसं वाटलं. पंख्याखाली बसून ही गत. त्याने ते उन्हात उभं राहून, घामाच्या हातांनी, चक्कर येत असताना केलं. इतकी खटपट त्याने दुसऱ्या कुणाच्या गाण्यासाठी कधी केल्याचं मला माहीत नाही.