पाण्याखालची नोकरी आणि वसंताचं लग्न

पाणबुडीला खिडकी नसते. बघायला फक्त एकमेकांची तोंडं! त्यामुळे आमच्याकडे किस्से साठले नसते तरच नवल. त्यात सरकारने बोलायची बंदी घातलेली. रशियाकडून भाड्याने आणलेल्या अणुपाणबुडीचा फोटो पेपरात छापून आला होता, पण तिच्यावरच्या आम्हाला मात्र ‘नेव्हीत आहे’ याच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती.

मी मालवणचा, माझा जोडीदार वसंत धामापूरचा. ट्रेनिंगला दोघे रशियात एकत्रच होतो. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मास्तरांनी विचारलं, “रिॲक्टर काय करतो?”

वसंता म्हणाला, “शेवटी पाणीच तापवतो, सर! वाफ होते, तिच्यावर बोट चालते. माझी आई रोज चुलीवर पाणी तापवते.”

दुभाष्याने ते जसंच्या तसं रशियनमध्ये सांगितलं. मास्तर शांतपणे म्हणाले, “मग आईलाच पाठवायचं होतं!”

*

एकदा वसंताने घरून आणलेला सुका बांगडा गुपचूप गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, भाजला. पाणबुडीतली हवा आतल्या आतच फिरते, हे बिचारा वासाच्या नादात विसरला. पाच मिनिटांत पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत बांगडाच बांगडा!

आमचे कॅप्टन उत्तरेकडचे, शुद्ध शाकाहारी. नाकाला रुमाल लावून आले आणि म्हणाले, “रिॲक्टरचा अलार्म वाजला तर घाबरू नका, आपण बघून घेऊ. पण हा वास पुन्हा आला, तर मी एकटा पोहत घरी जाईन!”

*

सुट्टीत माझ्या काकांनी नोकरीबद्दल खोदून खोदून विचारलं. काकांचं आयुष्य होडीत गेलेलं. मी ‘नेव्हीत आहे’ एवढंच म्हणत राहिलो, पण त्यांनी पेपर वाचला होता. कपाळाला हात लावून म्हणाले, “आमी जल्मभर होडी बुडा नये म्हणान धडपडलव, आणि तुका सरकार ती बुडवच्यासाठी पगार देता?”

*

पण खरी पंचाईत वसंताची झाली. खारेपाटणच्या एका गुरुजींची मुलगी, सुनंदा, त्याने बघितली आणि गडी पार विरघळला. तिलाही तो पसंत होता. अडलं ते गुरुजींपाशी.

“कुठल्या जहाजावर असता?”

“सांगता येत नाही.”

“सध्या कुठे असतं ते?”

“सांगता येत नाही.”

“बरं, परत कधी येणार?”

“मलाच माहीत नसतं!”

कोपऱ्यातून सुनंदाची आजी म्हणाली, “झिला, लगीन करूचा आसा, ता तरी सांगूक चलता मां?”

सगळे हसले, गुरुजी सोडून. “ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याला मुलगी कशी देऊ?” त्यांचंही चूक नव्हतं. आणि वसंताची सुट्टी संपत आलेली. तो जेवेनासा झाला, मला फार वाईट वाटलं.

शेवटी त्याच्या आईने भगवतीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं आणि गुरुजींनाही बोलावलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवीला सगळं मोठ्याने, उघड सांगायचं. काही लपवलं तर ती राखण करणार कशी? अख्खं धामापूर जमलं होतं, आणि पेपर वाचून सगळ्यांनी वसंताचं काम कधीच ओळखलं होतं. वसंताने गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकारांना कानात सांगून बघितलं, “कामाचा उल्लेख नको!” त्यांनी मान डोलावली, नारळ हातात घेतला आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

“बाय देवी भगवती! हो तुझो वसंत झील सरकारच्या अणूच्या बोटीर, समुद्राच्या तळाक नोकरी करता!”

“व्हय म्हाराजा!” सगळा गाव ओरडला.

वसंता पांढराफटक.

“ही गजाल सरकारान गुपित ठेवूक सांगलेली आसा!”

“व्हय म्हाराजा!”

“तर तू ती कोणाक सांगा नको!”

“व्हय म्हाराजा!”

“थंय पाण्याखाली तेची राखण कर, आणि खारेपाटणच्या गुरुजींच्या मनातलो संशय काढून ह्या लगीन जुळवन दी!”

गाव ओरडणार, तेवढ्यात मागून एकच आवाज आला. गुरुजी हात जोडून, डोळे मिटून उभे होते.

“व्हय म्हाराजा!”