हात लावायच्या आधीचा फोटो

अंगठा आणि तर्जनी यांच्यात तिळाएवढी फट ठेवून ती म्हणायची, "एवढंच उजळ करा, काका. लई नाय."

क्रांती चौकाजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. स्थळांसाठी फोटो काढणं हा माझा निम्मा धंदा. बायोडाटात 'गव्हाळ' लिहिलेली मुलगी माझ्या कॉम्प्युटरमधून दुधात बुडवून काढल्यासारखी बाहेर पडते. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. तुमच्याही घरात असा एखादा फोटो निघेल.

ती मूळची वैजापूरची, बिडकीनच्या कंपनीत नोकरीला. सावळी, आणि हसली की डोळे पार मिटायचे. मी रंग तिळाच्या चौपट उजळला. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, हाच ठेवा.

पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या आत्याने तो फोटो तिच्या गालाजवळ धरून पाहिला. पोहे खाऊन मंडळी गेली ती गेलीच. हे तिनेच मला हसत हसत सांगितलं. मी म्हटलं, अगं, आता साधाच फोटो काढू. तिचं म्हणणं उलटं होतं. फोटो बरोबर आहे, चेहराच मागे पडलाय.

मग कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने मेडिकलमधून गोरं करणाऱ्या क्रीमची एक ट्यूब आणली. दोन-तीन महिन्यांत ती खरंच फोटोसारखी दिसू लागली. त्या दिवसांत कारण नसतानाही फोटो काढायला यायची आणि दर वेळी बोटांची तीच फट दाखवायची. उजळलेल्याला अजून काय उजळायचं? पण मी उजळत गेलो. गिऱ्हाईक खूश तर आपण खूश.

पुढे उन्हात गाल भाजल्यासारखे लाल होऊ लागले. डॉक्टरांनी ट्यूब बंद करवली, पण चेहऱ्यावर काळे चट्टे उरले.

शेवटची आली तेव्हा तिने तोंडावरचा स्कार्फ सोडला नाही.

"काका, माझा पहिला फोटो हाय का? तुम्ही हात लावायच्या आधीचा?"

मोबाइलमधले सगळे फिल्टर लावलेले आहेत, म्हणाली.

"तवा मी बरी दिसत होते हो. आता कळतंय."

मी तासभर शोधलं. जागा वाचावी म्हणून मी मूळ फोटो पुसून टाकतो, उजळलेले तेवढे ठेवतो. हे माहीत असूनही शोधत राहिलो, कारण तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. तो पहिला चेहरा मला आवडायचा, आणि हे मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. शेवटी म्हटलं, नाही गं सापडत.

"मंग ती पहिली मी कुठंच नाय म्हणा," एवढं बोलून ती उठली.