कोपरातली पूड

उल्जान एजे, म्हणजे उल्जानताई, बारा वर्षं आमच्या ओशच्या इस्पितळात डायलिसिसला येते; मी त्या वॉर्डातली नर्स. मूळची लोकरीचे नमदे करणारी. भिजवलेली लोकर गुंडाळायची आणि दोन्ही कोपरांचा भार देऊन लाटायची, हे तिचं काम. तिच्या नोओकात गावात तिच्यासारखा घट्ट नमदा कुणाचा नसे. मग उजव्या कोपराशी गाठ आली. ती सफरचंदाएवढी झाली आणि हात दुमडेना.

खोदून विचारल्यावर कळलं, बाई दोन वर्षं गावच्या सापार वैद्याची हाडं बळकट करणारी पूड रोज तीन चमचे रश्शातून घेत होती. आमच्यापासून लपवून. डॉक्टर म्हणाले, किडनी नाही, फॉस्फरस आधीच साठलेला, त्यात हा चुना. तो मांसात जाऊन बसला. मी तिला वाट्टेल ते बोलले.

ती जाब विचारायला गेली, तर सापारनं शेजाऱ्यांदेखत हात झटकले. म्हणे मी काही दिलंच नाही, हिनं डोहाळे लागल्यासारखी माती खाल्ली असेल. गाठ तिनं सोसली असती, हे तिला सोसवलं नाही.

पुढं गाठ फुटली. आतून ओल्या खडूसारखा पांढरा लगदा आला. तो वाळवून, कुटून दे म्हणाली. नियमात बसत नव्हतं, तरी गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरून मीच दिला. मलाही त्याचा राग होताच.

तिच्या पुतण्याच्या लग्नाला तिनं मलाही बोलावलं. तिथं सापार मानाच्या जागी बसला होता. एजेनं आधी त्याला मटणाचा चांगला तुकडा वाढला, मग सगळ्यांसमोर बाटली पुढे केली.

"सापार अका, बाजारात एकजण ही पूड विकतोय. म्हणतो, तुमची नकली आणि त्याची अस्सल. तुम्हीच चाखून सांगा."

त्यानं चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

"त्याची कसली? ही माझीच. अंड्याच्या कवचाची, सात वेळा चाळलेली. तुला दोन वर्षं दिली ती हीच की!"

एजेनं सावकाश बाही वर केली. "दिलीत ना? मग परत घ्या. इथून काढलीय."

तो थुंकत सुटला, पाणी मागू लागला. घरची सून पाण्याची झारी घेऊन धावली. एजेनं ती मधेच काढून घेतली.

"आणखी कुणाकुणाला देताय ते आधी सांगा."

त्यानं तीन नावं घेतली. ती हलेना. मग खाली बघत तो म्हणाला, "आमच्या हिला."

त्याची बायको बायकांच्या पंगतीत बसली होती. तीही जलालाबादला डायलिसिसला जायची. वैद्याची अब्रू जाईल म्हणून गावापासून लपवलेलं. तेव्हा शेजाऱ्यांदेखत तो खोटं बोलला होता, पण पुडीवर त्याचा खराच विश्वास होता.

एजेनं झारी खाली ठेवली. सापारची बायको उठून माझ्याजवळ आली, कपड्यावरूनच स्वतःच्या खुब्याला हात लावला आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, इथं टणक लागतंय. बघता का जरा?"