तळेमामांची जाळी स्वच्छ होती

मासोळी हाती आली की तळेमामा तिच्याकडे पाहत नसत. डोळे मिटून मनगटाची आतली बाजू तिच्या अंगावरून फिरवत आणि मग सांगत, "ही चांगली हाय," नाहीतर, "हिले कसर हाय, बाई."

मुलांनो, मलकापूरकडचं आपलं शेत खारपाण पट्ट्यात आहे. विहिरीचं पाणी खारट, पिकाला चालत नाही. म्हणून निवृत्तीनंतर मी तिथे दोन तळी खोदली आणि एकात समुद्रातला जिताडा मासा सोडला. बोटुकली, म्हणजे त्याची बोटाएवढी पिल्लं, किनाऱ्यावरून मागवली. राखणीला मामा आले. त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे.

मी जिवाणूशास्त्र शिकवलेली बाई. पाण्याची रोजची तपासणी वहीत नीट उतरवायची. मामा माझ्या काचेच्या नळ्या पाहून हसत. "पाण्याले काय इचारता? मासोळीच्या अंगाले इचारा!" दुपारी स्वतः जाळी धुऊन बाभळीवर वाळत घालत. त्यात एक दिवसही खाडा नाही. मी रोज पाहत होते.

एका सकाळी ते म्हणाले, "अंग खरबडीत लागून राह्यलं. लई गर्दी झाली बाई, अर्ध्या त्या रिकाम्या तळ्यात टाका."

मी वही उघडली. पाण्यातले जिवाणू मर्यादेत होते. "आकडे चांगले आहेत, मामा."

वर्गात मीच शिकवत असे: हे समुद्री जिवाणू थोडे असतात तोवर मुकाट राहतात. प्रत्येक जण किंचित रसायन सोडत असतो. गर्दी वाढली की ते साचतं, आणि तो इशारा मिळताच सगळे एकदम विष सोडतात. ती गर्दी माशांच्या कातडीवर जमली होती. मी पाणी मोजत बसले.

पाचव्या दिवशी तळ्यावर पांढरी पोटं तरंगत होती, अंगावर लाल जखमा. नेमके तेव्हाच पिंपळगाव राजा या गावचे एक शेतकरी मामांना आपल्या शेततळ्यावर कामाला न्यायला आले होते. त्यांनी मला विचारलं, "काऊन मेल्या हो, बाई?"

"यांची जाळी घाण असतील," मी म्हणाले.

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. शेतकरी एकटेच परत गेले. दुसऱ्या दिवसापासून मामाही आले नाहीत.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मेलेले मासे तपासले. रोग बोटुकलीसोबतच आला होता. तो अहवाल घेऊन मी मामांच्या घरी गेले. ते जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून नुकतेच परतले होते. मी वाचून दाखवलं, माफी मागितली.

"मले नोका सांगू, बाई. मले मालूमच होतं. त्या पिंपळगाववाल्याले सांगा."

"सांगते," मी म्हणाले आणि गेले नाही. कधी गुडघे दुखले, कधी पाहुणे आले. खरं कारण, त्या माणसासमोर खोटी ठरायची लाज. उन्हाळ्यात मामा वारले.

मागच्या आठवड्यात मी पिंपळगावला गेले. त्या शेतकऱ्यांना तळेमामा आठवेनात. बऱ्याच वेळाने त्यांचा चेहरा उजळला. "हाव हाव, ते घाण जाळ्यावाले!"

मी त्यांच्या ओट्यावर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.