सरावातलं उत्तर

पेनाचं टोपण कुणी उगाच काढायला-लावायला लागलं की मला हल्ली माझीच चीड येते. आत्महत्या रोखायच्या प्रशिक्षणात आम्हा नर्सना जोडीनं सराव दिला होता. एकीनं रुग्ण व्हायचं, दुसरीनं फॉर्म भरायचा. माझ्याच वॉर्डातल्या सुमनताई रुग्ण झाल्या. मी वाचलं, "जगणं नकोसं वाटतं का?"

टोपणाशी चाळा करत त्या म्हणाल्या, "रोज सकाळी वाटतं गं."

"काय छान करताय ताई, अगदी खरं वाटतंय!" मी म्हटलं. तेवढ्यात चहा आला आणि मी उठले.

खरं बोलायलाही माणसाला सोंग घ्यावं लागतं, आणि आम्ही त्या सोंगाला दाद देतो. प्रमाणपत्र मिळालं मला. रोज सकाळी सुमनताई ड्यूटीवर येतात, पेनाचं टोपण काढत-लावत बसतात. तो प्रश्न मला तोंडपाठ आहे. मी विचारते, "चहा घेणार?"